पाठमोऱ्या माणसाचं वाक्य

“साधा आवाज द्या, काका,” ती काचेपलीकडून म्हणाली, आणि मला तो सापडेना. कानांवर हेडफोन, समोर माईक, त्यापलीकडे पडद्यावर एक साठीचा गडी भांडी विसळतोय. त्याचे ओठ हलले की माझे हलायचे. ते हलले, आणि बाहेर पडला तो नेहमीचाच, नाकातून निघून वाक्याच्या शेवटी कमरेवर हात ठेवून उभा राहणारा. कागदावर एवढंच होतं की “नळ नीट बंद करत जा”, पण ऐकणाऱ्याला त्याच्याआधी एक ‘अय्या’ ऐकू यावं असा तो निघाला. रेकॉर्डिस्ट फिस्सकन हसला. त्याला दोष कसा देऊ, तीस वर्षं लोक त्या आवाजाला हसत आलेत. बाई मात्र हसली नाही. ही आमची दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची, म्हणजे मुलगी असती तर. तिनं पुन्हा बटण दाबलं. “तो नको, काका. हा माणूस तसा नाहीये.” मी म्हटलं, “तसा नाहीये म्हणजे कसा नाहीये?” ती घोटाळली. “म्हणजे... तो आहे तसाच. पण तसा नाहीये.” आणि स्वतःच कपाळाला हात लावून म्हणाली, “तुम्हाला कळलं ना मला काय म्हणायचंय?” कळलं होतं. न कळायला काय झालं? मी पाणी प्यायलो, रुमालानं ओठ टिपले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच.

रुमालाचं सांगायला हवं, कारण या स्टुडिओत मला नावानं कुणी हाक मारत नाही, रुमालकाका म्हणतात. परदेशी सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे हा आमचा धंदा. चेहरा त्यांचा, जीभ आमची. जागा तळघरातली, भिंतींना मऊ थर लावलेला, खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की संध्याकाळ झाली ते वर आल्यावर कळणार. उमेदवारीच्या दिवसांत एका विनोदी सिनेमातला केस कापणारा माझ्या वाट्याला आला. तेव्हाचे दिग्दर्शक म्हणाले, “अरे, हा जरा तसा आहे. तसं बोल.” मी खिशातला रुमाल काढला, दोन बोटांत धरून तोंडासमोर नाचवला आणि तो आवाज आला. माईकला रुमाल दिसत नाही, मान्य, पण हात हलल्याशिवाय जीभ हलत नाही, या धंद्यातल्या कुणालाही विचारा. काचेपलीकडे सगळे पोट धरधरून हसले. झालं, शिक्का बसला. तेव्हापासून कुठल्याही देशातला तसा माणूस पडद्यावर उगवला की मला फोन. शिंपी मी, नायिकेच्या गळ्यात पडून रडणारा मित्र मी, हीरोच्या मागे लागून थोबाडीत खाणारा शेजारी मी. आणि जे हसवत नसत ते मरत. तेही मीच. विष घेतलं, पुलावरून उडी मारली, खोकून खोकून गेलो, एकदा तर सिनेमा सुरू होतानाच गेलो आणि पुढे सगळे माझ्या फोटोकडे बघून शहाणे होत बसले. एक तर हसवा नाहीतर मरा, तिसरी सोयच नव्हती. म्हणून सकाळपासून या भांडी विसळणाऱ्या म्हाताऱ्यानं मला बेजार केलं होतं. हा हसवेना आणि मरेना. त्याच्या घरात दुसरा एक म्हातारा होता, पूर्वी बस चालवायचा. दोघं मिळून चादरीची घडी घालायचे. दोन टोकं ह्याच्या हातात, दोन त्याच्या, चालत जवळ यायचे, टोकाला टोक लावायचे, मग एक जण घडी घेऊन कपाटाकडे आणि दुसरा पुढची चादर उचलायला. बस्स, सगळा सिनेमा असाच. मी आपला वाट बघतोय, आता कुणाला तरी खोकला येईल, रक्ताचा डाग पडेल. काही नाही. आमच्यातला कुणी पडद्यावर नुसता म्हातारा झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

हो, आमच्यातला. हे ऐकून तुम्हाला वाटेल, मग अवघड काय होतं, आयुष्यभर सोंग काढून आता खरं बोलायची वेळ आली तर बोलावं माणसानं. पण त्यातली गंमत अशी की त्या सोंगानंच मला सांभाळलं. घरी पाहुणे जमले, मावशीनं “आता याचं लग्न कधी?” असा विषय काढला की आई म्हणायची, “अगं ते राहू दे, तो टीव्हीवरचा आवाज काढून दाखव ना रे.” मी रुमाल काढायचो. हसून हसून मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, विषय वाहून जायचा. चोरानंच चोराची नक्कल करून दाखवली तर त्याची झडती कोण घेतं? आई आवाजावर खूश होती. शेजारणीला सांगायची, “खरा कसला गंभीर आहे हो माझा मुलगा, ही सगळी कला.” तिला खरंच तसं वाटायचं की तिनं मला आडोसा धरला होता, हे मी तिच्या शेवटच्या आजारातही विचारू शकलो नाही. विचारायला जो आवाज लागतो तो तिच्यासमोर कधी काढलाच नव्हता. तो मी एका माणसासमोर काढला.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. ओळख सिनेमाच्या थिएटरात झाली, आणि ती मीच बोललेल्या सिनेमामुळे झाली. लोक कसे हसतात ते ऐकायला मी तिकीट काढून गेलो होतो, नवशिक्याला ती हौस असते. माझा शिंपी पडद्यावर आला, हीरोच्या छातीचं माप घ्यायला लागला, घेता घेता रेंगाळला, आणि थिएटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या. मीही हसत होतो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. तेव्हा शेजारची एक खुर्ची सोडून बसलेला माणूस मला दिसला. त्यानं चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकानं सावकाश पुसत होता. आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. शिंपी पडद्यावरून जाईपर्यंत पुसत राहिला, गेल्यावर चष्मा घातला आणि पुढचा सिनेमा बघू लागला. मध्यंतरात तोच माझ्याकडे आला. “तुम्ही डोळे बारीक करून बघता. नंबर असेल. दुकानात या.” मी गेलो. त्यानं हनुवटी टेकायला लावली, काचा बदलल्या, वाचून घेतलं आणि म्हणाला, “ठणठणीत आहेत तुमचे डोळे.” “मग बोलावलंत कशाला?” तो म्हणाला, “चहा घेता?” तो शिंपी मीच होतो हे सांगायला मला पुढे बरेच दिवस लागले. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “वाटलंच होतं. हसत होतास तेव्हा गळा दुखत असल्यासारखा दिसत होतास.” त्या क्षणी मी गेलो, कामातून गेलो.

मग आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकीण बाई चौकस. “तुम्ही कोण कोणाचे?” मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “मावसभाऊ.” इतक्या सहज म्हणाला की मला क्षणभर आम्हा दोघांची मिळून एक मावशी डोळ्यांसमोर आली. पुढे सगळीकडे तेच. दूधवाला, वरचे आजोबा, बँकेतला कारकून, सगळ्यांना मावसभाऊ. दोन मावसभाऊ एका पलंगावर झोपतात यात कुणाला वावगं वाटत नाही, नातं सांगितलं की माणसं पुढे बघत नाहीत. घरात मात्र तो अट घालून राहिला होता. “तो आवाज उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा. चपलेसारखा.” आणि ठेवायचो मी. दार लावलं की घशातून काहीतरी खाली उतरायचं, आणि जो उरायचा तो जाडसर, थोडा घोगरा, किंचित चिडका माझा आवाज असायचा. त्याचा उपयोग काय व्हायचा, तर भांडायला. तो नळ कधी नीट बंद करायचा नाही. दुसऱ्यांना बारीक अक्षर दिसावं म्हणून दिवसभर खपणारा माणूस, त्याला टपटप गळणारा नळ दिसायचा नाही. आणि दुसरं म्हणजे चष्मा घालून झोपायचा. वाचता वाचता, बोलता बोलता, दुपारी खुर्चीत, कुठेही. दुकानात गिऱ्हाइकांना बजावायचा, चष्मा घालून झोपू नका, फ्रेम वाकते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. “चष्मा काढून झोप,” मी म्हणायचो. “हं,” म्हणायचा आणि त्यातच घोरायला लागायचा. मग मी जाऊन काढायचो. आधी उजव्या कानामागून, मग डाव्या. नाकावर दोन लाल वळ उठलेले असायचे, त्यांवरून अंगठा फिरवायचो. त्याला कळायचं की नाही, देव जाणे. गोड बोलणं आम्हाला कधी जमलं नाही. सिनेमात बोलतात तसलं काही बोलायला गेलो की मला तोंडात कुणा दुसऱ्याची जीभ असल्यासारखं वाटायचं, आणि तसं ते असायचंही. ती एक चष्म्याची सूचना, तेवढंच काय ते माझं बोलणं.

त्याची बहीण दुसऱ्या गावी असते. तिचा नवरा अचानक गेला आणि हा चार महिन्यांसाठी म्हणून गेला, भाची लहान होती. चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली, आणि मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. चष्मेवाल्याच्याच डोळ्यांत. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. मी गेलो होतो तेव्हा, सामान घेऊनच गेलो होतो, त्याला घेऊन यायचं या बेतानं. बहीण भली आहे, मला दादा म्हणते. ती म्हणाली, “दादा, मित्र असून तुम्ही केलंत तेवढं सख्खे करत नाहीत. पण आता तुमच्यावर कसला भार टाकायचा? आम्ही घरचे आहोत ना.” मी म्हणालो, “हो, बरोबर आहे.” काय म्हणणार होतो? मावसभाऊसुद्धा नव्हतो मी तिथे. त्याच्याकडे पाहिलं तर तो माझ्या आवाजाच्या जरा डावीकडे बघत बसला होता. मला त्याची आठवण येते असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. ती जातच नाही, तर येईल कुठून? घरातला नळ आता गळत नाही, आणि ती शांतता मला सोसत नाही. दर रविवारी फोन होतो, पण तोही कसा, तर बहीण नंबर लावते, स्पीकरवर टाकते आणि फोन मधल्या टेबलावर ठेवते, त्याला हातात धरून बटणं सापडत नाहीत म्हणून. मग सगळं घर ऐकतं. भाची आता कॉलेजात जाते, ती लगेच ओरडते, “काका, तो आवाज, तो आवाज!” आणि मी काढतो, फोन ठेवेपर्यंत त्यातच बोलतो. हसतात सगळी. बहीण सांगते, दिसत काही नाही तरी चष्मा घालूनच बसतो, झोपतोसुद्धा तसाच, काढायला गेलं तर चिडतो. मी ऐकून घेतो. मध्यंतरी एकदा नंबर लावून देऊन त्या दोघी बाहेर गेल्या होत्या की काय, फोनवर एकटा होता तो. म्हणाला, “अरे, टीव्ही ऐकतो मी दिवसभर. तू असलास की कळतं. पण नेहमी तो रुमालवालाच असतो. घरातला तू कधी असत नाहीस.” मी म्हटलं, “त्याला कोण काम देतंय?” तो म्हणाला, “दिलं तर कर. एकदा ऐकू दे मला.” एवढ्यात दार वाजलं असावं, कारण पुढे तो हवापाण्याचं बोलायला लागला.

आणि आता दिलं होतं काम, तर मी हा असा. “काका,” काचेपलीकडून बाई म्हणाली, “घरी कसं बोलता तुम्ही? तसं बोला.” तिनं सहज म्हटलं होतं. “घरी कोण आहे बोलायला?” माझ्या तोंडून गेलं, आणि तेही रुमालाच्याच आवाजात, त्यामुळे रेकॉर्डिस्टला तो विनोद वाटला. बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मशीनवरची धूळ झटकायला लागला. मग ती आत आली, दार लावून माझ्यासमोर उभी राहिली. “अजून एक सांगायचंय. रागावू नका. चॅनेलचा निरोप आलाय. दुपारचा सिनेमा आहे, घरातली सगळी मिळून बघतात. त्यामुळे हे दोघं भाऊ आहेत.” मी विचारलं, “कोण दोघं?” “हेच दोघं. जिथे जिथे तसं काही आहे तिथे भाऊ करायचंय. मी भांडले, काका. चालत नाही म्हणाले.” मी कागद चाळला. खरंच, जिथे पडद्यावरचा म्हातारा दुसऱ्याच्या मानेवर हात ठेवून काहीतरी अगदी छोटं म्हणत होता तिथे आमच्याकडे लिहिलं होतं, “चल भावा.” मला हसू आलं. मोठ्यानं हसलो मी, ती घाबरलीच. रागावू कुणावर? चॅनेलवाल्यांना जे आज सुचलं ते आम्ही घरमालकिणीला कधीच सांगून बसलो होतो. पण मग हसू ओसरलं. बघणाऱ्याचं काय, त्याला चादर दिसेल, मानेवरचा हात दिसेल, ज्याला कळायचं त्याला कळेल. पण जो फक्त ऐकणार त्याला काय मिळणार? चल भावा. इतक्या वर्षांनी माझा घरातला आवाज त्याच्यापर्यंत जाणार आणि तो त्याला भाऊ म्हणणार. त्यापेक्षा रुमाल परवडला.

“रुमाल जरा माझ्याकडे द्या,” ती म्हणाली. मी दिला. आता हातांचं काय करायचं ते कळेना, ते नुसते लोंबकळत राहिले. पडद्यावर पुन्हा तो नळाचा प्रसंग लागला. म्हातारा भांडी विसळतोय, मागून दुसरा येतो, ग्लासभर पाणी घेतो, नळ अर्धवट सोडतो आणि निघून जातो. हेडफोनमध्ये मूळ सिनेमाचा आवाज येत असतो, त्यातली टपटप मला आतापर्यंत ऐकूच आली नव्हती, कारण मी ओठ बघत होतो. आता ऐकू आली. टप. टप. आणि माझं टाळकंच सरकलं. अरे, किती वेळा सांगायचं? किती वर्षं सांगायचं? माणूस निघून गेला तरी नळ बंद करायचं शिकला नाही. “नळ नीट बंद करत जा!” मी म्हटलं, आणि तो आला. जाडसर, घोगरा, चिडका. माझ्या छातीतून आला, मला पायांपर्यंत जाणवला. बाईनं नुसता अंगठा वर केला. रेकॉर्डिस्टनं मान वर करून पाहिलं, खोलीत दुसरं कुणी आलंय का बघावं तसं. त्यानंतर दुपारपर्यंत मी थांबलो नाही. चादर, बिघडलेली कपाटाची कडी, बसच्या जुन्या गोष्टी, सगळं बोललो. ‘भावा’ही बोललो, काय करता. पण दर वेळी तो शब्द म्हणताना मला आमची न जन्मलेली मावशी आठवायची.

शेवटचा प्रसंग राहिला. दुपारची वेळ, बसवाला खुर्चीत बोलता बोलता झोपलाय. माझा म्हातारा उठतो, आपल्याकडे पाठ करतो, खिडकीशी जाऊन पडदा ओढतो आणि ओढता ओढता काहीतरी म्हणतो. मूळ आवाजातही ते नीट लागत नव्हतं, नुसती गुणगुण. कागदावर लिहिणाऱ्यानंही हात टेकलेले, कंसात ‘पुटपुटतो’ एवढंच. आमच्या धंद्यात पाठमोरा माणूस म्हणजे सुट्टी. ओठ दिसत नाहीत, जुळवायचं काही नसतं, राहिलेली माहिती, गाळलेलं वाक्य, काहीही त्याच्या पाठीत भरता येतं. बाई म्हणाली, “इथे तुम्हाला सुचेल ते पुटपुटा, काका, चला घरी जाऊ.” दिवा लाल झाला. बसवाल्याची मान कलली. उन्हाचा एक तुकडा त्याच्या गालावर होता, तोंड जरासं उघडं, अगदी तसंच. माझा म्हातारा वळला, त्याची पाठ माझ्याकडे आली, आणि त्याच्या पाठीआडून मी म्हणालो, “चष्मा काढून झोप रे.” ‘रे’ आपोआप आला. हात उचलला गेला होता माझा, अंगठा पुढे. तो तसाच राहिला.

दिवा विझला. मग रेकॉर्डिस्टचा आवाज आला, “पण काका, त्यानं चष्मा घातलाय कुठे?” खरंच की! सबंध सिनेमाभर तो मनुष्य बिनचष्म्याचा. गाडी चालवताना नाही, पेपर वाचताना नाही, आणि आता झोपेत तर नाहीच. पोरसवदा नवखासुद्धा अशी चूक करणार नाही, आधी बघा मग बोला हा आमचा पहिला धडा. “पुन्हा घेऊ,” मी म्हणालो. बाई माझ्याकडे काचेतून बघत होती. तिला किती कळलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. ती म्हणाली, “कुणाला म्हणालात ते?” “झोपलेल्याला,” मी म्हटलं. तिनं माझा रुमाल हातात धरला होता, तो घडी करून समोर ठेवला. “असू दे. सकाळपासून सगळं खोटंच बोलतोय आपण, त्यात एक चष्मा जास्त.” रेकॉर्डिस्ट म्हणाला, “चॅनेलचा माणूस तपासताना काढून टाकेल, मॅडम.” ती म्हणाली, “काढला तर काढला.”

मधले दिवस कसे गेले विचारू नका. रस्त्यानं चालताना, भाजी घेताना, केस कापून घेताना एकच, काढला असेल की ठेवला असेल? लोकांच्या चेहऱ्यांवरचे चष्मे बघायची सवय लागली. रविवारी दुपारी सिनेमा होता. फोनवर मी आधी काही सांगितलं नव्हतं, सांगणार कसं, टेबलावरच्या फोनला? पण टीव्ही तिकडे दिवसभर चालूच असतो, या भरवशावर होतो. जेवण उरकून खुर्चीत बसलो, समोरची खुर्ची रिकामी. सिनेमा सुरू झाला. स्वतःचा आवाज ऐकायला मला कधी लाज वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. घरातला माणूस आंघोळीच्या टॉवेलवर चौकात उभा राहावा तसं काहीतरी. जाहिराती, पुन्हा चादर, पुन्हा भावा, पुन्हा जाहिराती. शेवटी खुर्ची आली, ऊन आलं, पाठ आली. पडदा ओढला गेला, आणि आवाज आला. “चष्मा काढून झोप रे.” ठेवला होता! झोपला असेल तपासणारा, देव त्याचं भलं करो. आणि लगेच मनात आलं, त्या घरात या वेळी टीव्ही चालू असेल का, की वीज गेली असेल, की भाचीनं गाणी लावली असतील, की तो नेमका आत जाऊन पडला असेल.

नेहमीची फोनची वेळ झाली. फोन आला नाही. मी पाणी प्यायलो, खिडकी उघडली, बंद केली. काय हट्ट धरून बसलोय मी या वयात, असं स्वतःला म्हणालो. मग वाजला. बहीण होती, मागे भांड्यांचा आवाज. “दादा, उशीर झाला हो. तुमचा सिनेमा बघत होतो. आम्ही ओळखलंच नाही तुम्हाला, शेवटी नावं आली तेव्हा कळलं. ह्याला विचारलं तर म्हणतो, मला सुरुवातीपासून माहीत होतं. मग सांगायचं नाही का?” मागून भाची ओरडली, “काका, केवढी चूक! त्यानं चष्मा घातलाच नव्हता!” आणि हसायला लागली. “मी मामाला म्हटलं, मामा, त्या माणसाला चष्माच नाहीये, तर मामा म्हणतो, असेल, तुला दिसला नसेल.” बहीणही हसली. मीही हसलो, रुमाल शोधत खिसे चाचपले. रुमाल स्टुडिओतच राहिला होता. “बोल रे तू,” बहीण त्याला म्हणाली. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो समोर बसलाय हे मला श्वासावरून कळत होतं. तो म्हणाला, “जेवलास?” मी म्हटलं, “हो.” “तिकडे ऊन आहे का?” “आहे.” मग तो म्हणाला, “काढला हं.”

“काय काढलं?” बहीण तिकडून म्हणाली. मला दिसलं ते. उजव्या कानामागून, मग डाव्या. ते दोन लाल वळ. माझा अंगठा हवेत उठला आणि तिथे कुणी नव्हतं, फक्त टेबल, फोन, खुर्चीची पाठ. “बरं केलंस,” मी म्हणालो. “झोप आता थोडा वेळ.” आणि बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुठल्या आवाजात बोललो. स्पीकरवर, सगळ्या घराच्या मध्यभागी. भाचीचं हसणं थांबलं. तिनं माझा हा घरातला आवाज फोनवर कधी ऐकलाच नव्हता. “मामा,” तिनं विचारलं, “हे कोण बोललं?”

तिकडे खुर्ची करकरली. दूध उतू जातंय म्हणून कुणीतरी धावलं नाही, दार वाजलं नाही, काहीच मदतीला आलं नाही.

“घरचा माणूस,” तो म्हणाला.